पुलाच्या वर्षीची शर्यत

मंगळवारी तिसरीच्या बाई शाळेत पोचल्या, तेव्हा शिपायाने फाटकाचं कुलूपही काढलेलं नव्हतं. सकाळपासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. कित्येक दिवस जो तास त्या मनातल्या मनात घोळवत होत्या, तो आज घ्यायचा होता.

खरं तर पुस्तकात तो धडा जेमतेम अर्ध्या पानाचा. ‘पूर्वी काळ्या आणि गोऱ्या लोकांना वेगवेगळं वागवत. पुढे काही चांगल्या माणसांनी ही प्रथा बंद केली,’ एवढं सांगून पुस्तक घाईघाईने पवनचक्क्यांकडे वळायचं. मागच्या वर्षी बाईंनी तो तसाच शिकवला होता. शिकवून झाल्यावर एका मुलाने हात वर करून विचारलं, “बाई, हे डायनोसॉरच्या आधी झालं का नंतर?”

वर्ग हसला, बाईही हसल्या. पण त्या घरी गेल्या, तर दारातच त्यांची आत्या सायकल उलटी करून साखळीला तेल घालत बसलेली. बाई काळ्या, आत्या त्यांच्याहून काळी, आणि पुस्तकातल्या त्या ‘पूर्वी’मध्ये आत्याचं सगळं बालपण गेलेलं. जिच्या अंगावरून हे गेलं ती इथे कोपरापर्यंत तेलात बरबटून शीळ घालतेय, आणि पोरांना वाटतंय डायनोसॉर! बाईंनी त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी हा धडा पुस्तकातून नाही, शाळेच्या ग्राउंडवरून शिकवायचा.

हेडसरांना विचारणं भाग होतं. हेडसर म्हणजे भला माणूस, पण पालकांचा फोन म्हटला की रुमाल शोधायला लागायचे.

“बाई, मुलं फार लहान आहेत हो. घाबरतील.”

“सर, ज्यांच्या वाट्याला हे आलं ना, तीही एवढीच होती.”

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बरं. पण रडवू नका कुणाला.”

“रडवत नाही, पळवते,” बाई म्हणाल्या आणि त्यांचा विचार बदलायच्या आत खोलीबाहेर पडल्या.

पहिल्याच तासाला त्यांनी अख्खा वर्ग ग्राउंडवर नेला. मुलांना वाटलं, खेळाचा तास लवकर आला. बाईंनी चुन्याने एक रेघ मारली आणि सगळ्यांना रेघेच्या अलीकडे बसवलं.

“तर ऐका. ज्या वर्षी आपल्या नदीवरचा पूल झाला, त्या वर्षीची गोष्ट आहे. तेव्हा या शाळेत फक्त गोरी मुलं यायची. काळ्या मुलांची शाळा वेगळी होती, पार साबणाच्या कारखान्यामागे. पण वर्षातून एकदा पळायची शर्यत असायची, आणि ती मात्र सगळ्यांसाठी इथेच, याच ग्राउंडवर.”

“मग चांगलंय की!” बडबड्या म्हणाला. या मुलाचं तोंड फक्त झोपेतच बंद असतं असं त्याची आईच सांगायची.

“थांब ना. आधी गोरी मुलं पळायची. बँड वाजायचा, खुर्च्यांवर आईवडील बसायचे, पहिल्या येणाऱ्याला चांदीचा कप मिळायचा. मग बँडवाले जायचे, लोक उठायचे, खुर्च्या आवरायला लागायचे. आणि मग काळ्या मुलांना सांगायचे, चला, आता तुम्ही पळा.”

या वर्गात सगळ्या रंगांची मुलं होती, आणि प्रत्येक जण आपापल्या हातांकडे बघायला लागला.

बडबड्या गोरा, आणि त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसायची चष्मिस, ती काळी. चष्मिसने चष्मा वर सारला. “बाई, म्हणजे मी पण नंतर पळाले असते?”

“हो.”

“आणि मी आधी?” बडबड्या ताडकन उभाच राहिला. “पण आम्ही तर जोडीदार आहोत! आमची तर जोडीच असते! बाई, असं कसं?”

“कसं ते त्यांना कुणी विचारलंच नाही. कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवायचे.”

“आणि नंतर पळणाऱ्यांत पहिलं आलं की काय मिळायचं?”

“काही नाही. घरी जायचं.”

“हा रडीचा डाव झाला!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि एकच गलका उडाला. बाईंना तो गलका ऐकून गुदगुल्याच झाल्या. मागच्या वर्षी याच धड्याला अर्धा वर्ग जांभया देत होता.

तेवढ्यात चष्मिसने पुन्हा हात वर केला. “बाई, पण मग सगळ्यात फास्ट कोण होतं?”

बाईंनी सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. हा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. “म्हणजे?”

“म्हणजे गोऱ्यांतला पहिला आणि काळ्यांतला पहिला. त्यांच्यात फास्ट कोण?”

“ते… ते कधी कळलंच नाही. एकत्र कुणी पळालंच नाही ना.”

हे मात्र तिसरीच्या वर्गाला सहनच होईना. अन्याय त्यांना कळला होता, पण शर्यत झाली आणि निकालच नाही, हे म्हणजे फारच झालं. बाईंनी मग शेवटचं ठेवणीतलं सांगितलं: पुलाच्या वर्षी दुसऱ्या शर्यतीत जी मुलगी पहिली आली होती, ती त्यांची सख्खी आत्या, आणि ती या शनिवारी वर्गात येणार आहे.

“बाई! बाई!” कोपऱ्यातून झिपरी हात हलवत उठली. तिचे केस सकाळी विंचरले तरी शाळेत येईपर्यंत विस्कटायचे, म्हणून ती झिपरी. तिची आजी, वडील, सगळी या शाळेत शिकलेली. “माझ्या आजीकडे कप आहे! चांदीचा! पळायच्या शर्यतीचा! मी तिला विचारते कोणत्या वर्षीचा!”

बाईंनी मान डोलावली खरी, पण तो कप पुलाच्या वर्षीचाच निघाला तर, हा विचार त्यांना घरापर्यंत सोडेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होण्याआधीच झिपरीचे वडील हेडसरांच्या खोलीत हजर. दातांचे डॉक्टर होते, एरवी अतिशय हळू बोलायचे. आज मात्र आवाज व्हरांड्यात ऐकू येत होता. हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“काल जेवताना माझ्या मुलीने सगळ्यांसमोर माझ्या आईला विचारलं, ‘आजी, तू चीटिंग करून कप घेतलास का?’ हे शिकवता तुम्ही शाळेत? माझ्या आईने कुणाचं काय वाकडं केलंय? ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची पोर होती!”

“डॉक्टर, मी तुमच्या आईंचं नावसुद्धा घेतलं नाही. मला माहीतही नव्हतं. आणि चूक त्या मुलांची होती असं मी म्हणणारही नाही. पण झालं ते झालं, ते सांगायला नको का?”

“एवढ्याशा मुलांना?”

“तू जरा बाजूला हो बघू,” दारातून आवाज आला.

दारात एक उंच, गोरी, पांढऱ्या केसांची म्हातारी उभी होती. हीच झिपरीची आजी. बाहेर गाडीत बसून राहा असं मुलाने बजावलेलं असणार, पण ती काही बसली नव्हती.

“आई, मी बोलतोय ना…”

“तू रात्रभर बोलतोयस. आता मला बोलू दे.” ती थेट बाईंच्या समोर आली. “माझा कप पुलाच्या वर्षीचा आहे. तुमची आत्या, बारीक होती का? डाव्या पायाने सुरुवात करायची?”

“ते मला कसं माहीत असणार? बारीक अजूनही आहे.”

“मी शर्यतीआधी तिला कुंपणाबाहेर सराव करताना बघितलं होतं. अशी पळत होती की बस्स! मला धडकीच भरली, वाटलं कप गेला हातचा. मग कोणीतरी सांगितलं, ती आपल्यात नाहीये, ती नंतर. मला काय हायसं वाटलं!” आजीने पर्स टेबलावर ठेवली. “घरी जाऊन कप टेबलावर ठेवला आणि जेवायला बसले. पण मनात एक किडा राहिला तो राहिलाच. पळते का हो ती अजून?”

“सायकल चालवते रोज. जन्मभर बस चालवली तिने.”

“मी रोज पोहते,” आजी म्हणाली, आणि तिचे डोळे असे काही चमकले की डॉक्टरांच्या लक्षात आलं काय होणार आहे ते.

“आई, नाही हं. अजिबात नाही.”

“तिला विचारून तर बघा,” आजी बाईंना म्हणाली.

संध्याकाळी बाईंनी आत्याला सगळं सांगितलं. आत्या आधी खूप हसली. मग हसायची थांबली आणि नुसती बसून राहिली. बाईंना वाटलं, दुखावली. उगीच जुनी खपली काढली आपण.

“आत्या, नको असेल तर नाही म्हणून टाक. मी सांगते त्यांना.”

“नको कशाला?” आत्या उठली आणि पलंगाखाली वाकून बूट शोधायला लागली. “मी विचार करत होते, कोणते घालू.”

शनिवार उजाडला. बातमी तिसरीच्या वर्गातून चौथीत, चौथीतून पहिलीत आणि तिथून घरोघर गेली होती. कुंपणाला लागून पालकांची रांग लागली. हेडसर रुमाल मुठीत धरून इकडून तिकडे फिरत होते, आणि एकाही पालकाचा तक्रारीचा फोन आला नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं.

पण बाईंनी बजावलं होतं, आधी वर्ग, मग शर्यत. दोन खुर्च्या फळ्यासमोर मांडल्या. एकीवर आत्या, दुसरीवर आजी. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. हात मिळवून झाल्यावर दोघींनी एकमेकींचे बूट नीट निरखून घेतले.

“आत्या,” बडबड्याने सुरुवात केली. वर्गाने तिला लगेच आपलीही आत्या करून टाकलं होतं. “तुम्हाला राग आला होता का?”

“पळताना? छे रे! पळताना मजाच येत होती. बघायला एकच माणूस होता, खुर्च्या गोळा करणारा. मी रेघ ओलांडली, तर तो म्हणाला, ‘ए पोरी, सरक, पायात येऊ नकोस.’ मी सरकले. घरी आले तर आईने विचारलं, ‘किती लोक होते गं बघायला?’ मी खोटंच सांगितलं, खूप होते. तेव्हा राग आला. आईशी खोटं बोलावं लागलं ना, त्याचा.”

चष्मिसने चष्मा काढून फ्रॉकला पुसला.

“तुमची आई का नव्हती आली?”

“तिला सुट्टी नव्हती. कामाला जायची. बहुतेक…” आत्याने आजीकडे मान वळवली. “तुमच्याकडे नव्हे, पण तुमच्याच गल्लीत कुठेतरी.”

“आजी, तुला माहीत होतं?” झिपरीने विचारलं. “की हे नंतर पळतात?”

“माहीत होतं गं. सगळ्यांनाच माहीत होतं. आपल्याला त्याचं काय, असंच वाटायचं. तू मला त्या दिवशी विचारलंस तसं मी माझ्या आजीला विचारायला हवं होतं.”

“पण तुझी आजी ओरडली असती.”

“ओरडली असती तर असती,” आजी म्हणाली. “तुझे बाबा ओरडले, तर तुला काय झालं?”

खिडकीबाहेर प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभे असलेले डॉक्टर एकदम दुसरीकडे बघायला लागले, आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला.

मग मात्र मुलांना धीर धरवेना. सगळे ग्राउंडवर धावले. चुन्याची ताजी रेघ मारलेली होती, पलीकडच्या टोकाला चष्मिस आणि बडबड्या फीत ताणून उभे होते. तो मान त्या जोडीने भांडून मिळवला होता. मुलांनी कुणासाठी ओरडायचं यावर बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं. निम्मी ‘आत्या, आत्या’ करत होती, निम्मी ‘आजी, आजी’, आणि काही जण अडचण नको म्हणून दोन्ही.

डॉक्टर आईच्या कानाशी लागले. “पडलीस तर?”

“पडले तर तू दात बसव. दुसरं काय येतं तुला?”

हेडसरांनी रुमाल उंच धरला. बाईंनीही नकळत एक पाय रेघेवर टेकवला, जणू त्यांनाच पळायचं होतं. रुमाल खाली आला.

आत्या सुटली ती डाव्या पायाने, आणि सुटली म्हणजे काय सुटली! कोपरं अंगाशी, मान पुढे. बघता बघता ती दोन हात पुढे गेली. बाई आपण शिक्षिका आहोत हे विसरून ओरडायला लागल्या. पण आजीचे पाय लांब होते, आणि रोजच्या पोहण्याने छाती लोहाराच्या भात्यासारखी झालेली. अर्ध्या ग्राउंडनंतर ती एकेक ढांगेने अंतर खायला लागली. दोघींच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. दोघी जीव तोडून पळत होत्या, शेवटच्या टप्प्यात अगदी खांद्याला खांदा होता, आणि मग आजीने मान पुढे घातली आणि फीत तिच्या छातीला लागली.

आजी जिंकली होती. हातभर अंतराने.

ओरडा एकदम थांबला. मुलांना कळेना, टाळ्या वाजवायच्या का. आठवडाभर हुरळून केलेलं सगळं आता उलटंच होऊन बसणार, असं बाईंना वाटलं. आणि नेमका बडबड्याने फीत हातात गुंडाळत विचारलं, “म्हणजे मग कप बरोबरच मिळाला होता ना यांना?”

आत्या गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. तिने बोटानेच खूण केली, थांब. श्वास आल्यावर ती म्हणाली, “आज कोण जिंकलं?”

“आजी.”

“बरोबर. सगळ्यांनी बघितलं. आणि पुलाच्या वर्षी आम्ही दोघी पळालो असतो, तर?”

बडबड्याने विचार केला. त्याला इतका वेळ गप्प बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. “ते… ते कुणालाच माहीत नाही.”

“हिला माहितीये?” आत्याने आजीकडे बोट दाखवलं.

“मला नाही माहीत,” आजी धापा टाकत म्हणाली. “कप घरात असून नाही माहीत.”

“बघ, म्हणजे माझं तर गेलंच, पण हिचंही गेलं,” आत्या म्हणाली. “आज पळालो म्हणून ते परत येतंय थोडंच? ते गेलं ते गेलं.” मग तिने कंबर सरळ केली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की बाईंनी तसं कधी बघितलं नव्हतं. “पण काय पळालो गं आपण! मी हरले, सगळ्यांसमोर हरले, एवढे लोक बघत होते! पुढच्या महिन्यात परत. आज माझा बूट ढिला होता.”

“बूट ढिला म्हणे!” आजी कडाडली. “सबबी सांगू नकोस. पुढच्या महिन्यात ये, नवे बूट घालून ये, परत हरवते!”

दोघी कधी ‘तू’वर आल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलांना एवढंच कळलं की परत शर्यत आहे, आणि मग जो जल्लोष झाला, तो पार रस्त्यापर्यंत गेला. चष्मिसने फीत टाकून दिली आणि पळत सुटली. तिच्यामागे बडबड्या, त्याच्यामागे झिपरी, आणि मग सगळा वर्ग, सगळ्या रंगांची पोरं एकाच रेघेवरून एकदम, कुणी शिट्टी न वाजवताच. कुंपणापलीकडची काही मोठी माणसंही आत शिरली. डॉक्टर पेटी घेऊन पळाले, आधी कुणी पडलं का बघायला म्हणून, आणि मग बहुधा असेच.

चष्मिस पहिली आली की दुसरी यावरून सोमवारपर्यंत भांडण चाललं. हेडसरांनी सोमवारी सकाळी बाईंना बोलावलं. बाई मनाची तयारी करून गेल्या.

“पालकांचे फोन आलेत,” हेडसर म्हणाले.

“किती?”

“मोजले नाहीत. चौथीचे पालक विचारतायत, आमच्या मुलांना हा धडा का नाही. त्यांनाही घ्याल का?” आणि मग जरा आवाज खाली आणून, “पुढच्या महिन्यात रुमाल मीच खाली करणार ना?”

आत्या तेव्हा घरी दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून फोनवर बसली होती. तिच्या बसच्या जुन्या सोबत्यांना, मैत्रिणींना, परगावच्या भावाला, एकेकाला शनिवारची शर्यत पहिल्यापासून ऐकवत होती. बाई शाळेतून आल्या तेव्हा आजीने हातभर अंतराने हरवलं असं चाललं होतं. चहा होईपर्यंत ते वीतभर झालं. आणि दिवेलागणीला आत्या कुणाला तरी ठासून सांगत होती, “अगं, नाकभर! फक्त नाकभर! आणि तिचं नाकच लांब आहे, त्याला मी काय करू?”